नाबरांचा नेमका प्रश्न

नाबरसाहेबांना ‘कसे आहात?’ असं विचारायची सोय नव्हती. ते क्षणभर थांबत, चष्मा नाकावर वर सरकवत आणि अगदी मनापासून विचारत, ‘कुठल्या बाबतीत?’ सकाळचे साडेआठ, मी अजून पर्ससुद्धा टेबलावर ठेवलेली नाही, आणि हा माणूस मला विचारतोय कुठल्या बाबतीत. बरं, चेष्टा करतात म्हणावं तर तेही नाही. ‘तब्येत’ म्हटलं की तब्येतीचं सांगत, ‘झोप’ म्हटलं की झोपेचं. नुसतं ‘कसे आहात’ म्हटलं तर त्यांच्याकडे उत्तरच नसायचं. नोकरीच्या पहिल्या महिन्यात मी घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं, ‘ऑफिसात एक नमुना आहे.’

आमचं ऑफिस दुबईत, देरा भागात, खाडीपासून चालत जाण्याइतकं जवळ. बांधकामाच्या नकाशांसाठी लागणारी महागडी कॉम्प्युटर-मशीनं कॉन्ट्रॅक्टर लोकांना विकायची आणि ती बिघडली की दुरुस्त करायची, हा धंदा. मी सेल्स कोऑर्डिनेटर. म्हणजे फोन उचलणारी, कोटेशन टाइप करणारी आणि सगळ्यांची बोलणी खाणारी. नाबर सिस्टीम इंजिनियर. ती मशीनं युनिक्स नावाच्या सिस्टीमवर चालायची, आणि आमच्या ऑफिसात युनिक्स म्हणजे नाबर, एवढंच सगळ्यांना ठाऊक होतं.

ते मूळचे बेळगावचे. वहिनी तिकडे शाळेत शिकवायच्या, म्हणून हे करामा भागात एका खोलीत एकटेच राहायचे. जुलैत बाहेर डांबर पायाला चिकटतंय आणि हे मरून रंगाचा, हाताने विणलेला स्वेटर घालून बसस्टॉपवर उभे. सर्व्हर रूममध्ये थंडी असते म्हणून. मी म्हटलं, ‘अहो, मग तिथे गेल्यावर घाला ना.’ तर म्हणाले, ‘आणि तिथे गेल्यावर घालायचा राहिला तर?’ घामाघूम होऊन यायचे, पण स्वेटर काढायचे नाहीत.

दुसरी गंमत पाण्याची. बेळगावच्या माणसाला समुद्र पाहुण्यासारखा, लांबूनच बरा. खाडी ओलांडायला अब्रा नावाची छोटी लाकडी होडी असते, सगळं दुबई तिच्यातून ये-जा करतं. नाबर एकदाच बसले, आणि पलीकडे पोचेपर्यंत त्यांचा चेहरा पिवळा पडला होता. त्यानंतर खाडीपलीकडे जायचं तर ते बसने लांबचा वळसा घालून जात. ‘मला हलणारी जमीन सोसत नाही की हो,’ म्हणायचे.

आमचा मॅनेजर फादी, लेबनीज. दिलदार माणूस, पण प्रत्येक वाक्याला ‘इन्शाल्ला’, देवाची मर्जी असेल तर. नाबरांना हा शब्द अजिबात चालायचा नाही. देवाबद्दल आकस नव्हता, सकाळी ते स्वतः गणपतीसमोर हात जोडून यायचे. ते फादीला शांतपणे विचारायचे, ‘इन्शाल्ला म्हणजे जेवणाच्या आधी की नंतर?’ पहिल्यांदा फादी चिडला. मग त्याला त्याची सवय लागली, आणि नंतर नंतर तो स्वतःच म्हणायला लागला, ‘इन्शाल्ला, हबीबी, जेवणानंतर.’

पण याच विचारण्यावर आमच्या ऑफिसचं पोट चालायचं. एकदा शारजाहून एका कॉन्ट्रॅक्टरच्या ऑफिसातून फोन आला. ‘मॅडम, सिस्टीम डेड है, पूरा ऑफिस बैठा है, इंजिनियर भेजो, यल्ला, जल्दी.’ मी फोन नाबरांच्या हातात दिला.

‘मशीन के पीछे हाथ लगाइए. हवा गरम आती है की ठंडी?’

‘गरम.’

‘कॅप्स लॉक दबाइए. बत्ती जलती है?’

‘जलती है.’

‘आज स्क्रीन किसने पोंछा?’

मग उलगडा झाला. सकाळी सफाईवाल्याने पडदा इतका मन लावून पुसला होता की उजेडाचं चाक फिरून पार खाली गेलं होतं. मशीन बिचारं अंधारात काम करत बसलेलं. फोन ठेवून नाबर मला म्हणाले, ‘मशीन खोटं बोलत नाही, मॅडम. पण विचाराल तेवढंच बोलतं.’ हे वाक्य मी त्यांच्या तोंडून इतक्या वेळा ऐकलंय की माझ्या पोरीलाही पाठ झालं होतं.

बिघडलेल्या डिस्कमधून लोकांचं काम परत काढणं ही त्यांची खास विद्या. मला कॉम्प्युटरमधलं ओ की ठो कळत नव्हतं, पण रोज क्लायंटला फोनवर काहीतरी सांगावं लागायचं, म्हणून एकदा मी त्यांना धरलं. म्हटलं, ‘तुम्ही नेमकं करता काय ते मला माझ्या भाषेत सांगा.’

ते म्हणाले, ‘तुमच्या माहेरी कोठीची खोली होती?’

‘होती.’

‘तांदूळ लागले की आई काय करायची? कोठीत जायची, डबा भरून आणायची, ओट्यावर ठेवायची, संपले की पुन्हा जायची. प्रोग्रॅम डिस्कवरून असंच आणतो, थोडं थोडं. आता समजा, कोठीची भिंतच काढून टाकली आणि मांडणी ओट्याला जोडली. आता जायचं-यायचं काही नाही. हात लांब केला की जो डबा पाहिजे तो. याला मॅपिंग म्हणतात. अख्खी डिस्क मेमरीतच आहे असं मानायचं.’

‘एवढी मोठी डिस्क मावते?’

‘मावत नाही. एका वेळी मांडणीचा एक तुकडा जोडायचा. आणि त्यातलंही ज्या डब्याला हात लावाल तेवढंच मशीन आणून ठेवतं. बाकीचं जागच्या जागी.’

मी म्हटलं, ‘आणि माझ्या हातून मीठ सांडलं तर?’

त्यांचा चेहरा असा खुलला की काय सांगू. ‘हा प्रश्न,’ म्हणाले. ‘हा प्रश्न’ ही त्यांची सर्वांत मोठी शाबासकी. ‘सांडलं तर ते खरंच कोठीत सांडतं. म्हणून मी नेहमी खाजगी जोडणी घेतो. त्यात सांडलं तर ते माझ्यापुरतंच सांडतं, मूळ डिस्कला पत्ताही लागत नाही. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा तो असा.’ मला ते सगळं समजलं असं मी म्हणणार नाही, पण त्या दिवसापासून मी त्यांना नमुना म्हणणं सोडलं.

तर आता तांडेल.

रमाकांत तांडेल एका कॉन्ट्रॅक्टरकडे ड्राफ्ट्समन होते. देवगडकडचे. बारीक अंगाचे, काळेसावळे, बोलायला लागले की आधी हसणारे. सतवा भागात आणखी तिघांबरोबर एका खोलीत राहायचे. बाकीचे तिघे शुक्रवारच्या सुट्टीत झोप काढायचे, कपडे धुवायचे, आणि हे टेप घेऊन खाडीवर जायचे. तिथे जुनी लाकडी गलबतं लागलेली असायची, तिथले सगळे त्यांना लाँच म्हणतात. तांडेल खलाशांशी गप्पा मारत, चहा पाजत आणि परवानगी घेऊन एकेक गलबत आतून-बाहेरून मोजत. मग ऑफिसातलं काम संपलं की साहेबाच्या परवानगीने मशीनवर त्याचा नकाशा काढत. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी विचारलं नव्हतं. ही गलबतं एकेक करून मोडीत निघत होती आणि तांडेलांना ते बघवत नव्हतं, एवढंच.

त्यातलं एक गलबत त्यांच्या घरचंच म्हणायचं. त्यांचे वडील तरुणपणी त्यावर खलाशी होते. कौलं घेऊन इकडे यायचे, खजूर घेऊन परत जायचे. पुढे मालकाने ते इथल्या कुणालातरी विकलं. वडील सांगायचे, एकदा खडकाला घासून कुशीतली फळी गेली, तेव्हा सुताराने फणसाची फळी बसवली, बाकी सगळं सागवान. एका शुक्रवारी तांडेलांना एका पडक्या गलबताच्या कुशीत ती पिवळी फळी दिसली. वडील तेव्हा जाऊन वर्ष झालं होतं. तांडेलांनी ते गलबत सगळ्यात सावकाश मोजलं. पुढच्या उन्हाळ्यात ते मोडलं, लाकूड कुणीतरी घेऊन गेलं.

मापं ते सिगरेटच्या पाकिटांवर, पुठ्ठ्यावर लिहीत, आणि मशीनमध्ये चढली की टाकून देत. एका खोलीत चौघं, कुठे ठेवणार? मग त्यांच्या ऑफिसने जुनी मशीनं काढून टाकली. साहेब भला माणूस, त्याने त्या मशीनची डिस्क तांडेलांना देऊन टाकली. ती घेऊन येताना त्यांच्या हातून बसच्या पायरीवर पडली. त्यानंतर ती मशीनला जोडता यायची, पण त्यातलं काही उघडेना. कुणीतरी त्यांना आमचा पत्ता दिला, आणि एके दिवशी हे गृहस्थ रुमालात बांधलेली डिस्क घेऊन माझ्या टेबलासमोर उभे राहिले.

‘ताई, ह्यात माझी गलबतं आहेत,’ म्हणाले. ‘एक तर वडिलांचं आहे. गावी जाऊन मी तेच बांधणार आहे.’

फादीने हात वर केले, हा आपला क्लायंट नाही. नाबर म्हणाले, ‘माझ्या जेवणाच्या वेळेत बघतो.’

एरवी त्यांची पद्धत अशी, की आधी डिस्कची तंतोतंत नक्कल काढायची, ती एका मोठ्या फाइलमध्ये ठेवायची आणि आपला प्रोग्रॅम त्या फाइलवर चालवायचा. त्या आठवड्यात मात्र नक्कल ठेवायला ऑफिसात कुठे जागाच नव्हती. म्हणून त्यांनी प्रोग्रॅम पहिल्यांदाच थेट डिस्कवर चालवला. खाजगी जोडणी, मूळ वस्तूला धक्का नाही, सगळं शिस्तीत. प्रोग्रॅम क्षणात थांबला आणि पडद्यावर उत्तर आलं. शून्य. नकाशे शून्य.

त्यांनी पुन्हा चालवला. पुन्हा शून्य.

तांडेल आले तेव्हा नाबर खुर्चीतून उठून उभे राहिले. ‘डिस्क कोरी आहे,’ म्हणाले. ‘पडल्यामुळे असेल. माझ्या हातात काही नाही.’ तांडेल नेहमीसारखे हसले. ‘असू दे साहेब, तुम्ही बघितलंत हे काय कमी आहे.’ डिस्क परत नेण्याचंही त्यांच्या मनात आलं नाही. रुमाल घडी करून खिशात घातला आणि गेले. मी त्यांना चहासुद्धा विचारला नाही. नाबरांनी ती डिस्क रिकाम्या डिस्कच्या खणात टाकली.

त्यानंतरच्या शुक्रवारी नाबर आमच्याकडे जेवायला होते. एकट्या माणसाला अधूनमधून घरचं मिळावं म्हणून मी बोलवायची. आमची सई तेव्हा नऊ-दहा वर्षांची, ऊद मेथा भागातल्या शाळेत. नाबरांनी तिला विचारलं, ‘काय सईबाई, या आठवड्यात शाळेत काय काय झालं?’

‘नथिंग, अंकल.’

मी आमटी वाढता वाढता म्हटलं, ‘असं विचारलं तर ती जन्मात सांगणार नाही. सई, बुधवारी तुझ्या डब्यातली भेंडी कुणी संपवली गं?’ झालं. धरणाचं दार उघडलं. भेंडी कुणी खाल्ली, त्यावरून बसमध्ये कोण कुणाशी भांडलं, टीचरने कुणाला उभं केलं, सगळं रामायण इंग्लिशमध्ये सुरू झालं. श्रीकांत, माझा नवरा, हसत होता. नाबरही हसले. आणि हसता हसता थांबले. भाताचा घास हातात तसाच.

‘मी तिला लांबी विचारली,’ म्हणाले.

‘कुणाला?’

‘डिस्कला. प्रोग्रॅम आधी विचारतो, तू केवढी आहेस, मग तेवढा भाग वाचतो. फाइल असली तर ती बरोबर सांगते. डिस्कला फाइलसारखं विचारलं तर ती शून्य सांगते. रिकामी आहे म्हणून नाही. तिला तसं विचारायचंच नसतं, तिच्यासाठी वेगळा प्रश्न आहे. प्रोग्रॅमने शून्य ऐकलं आणि एक डबाही न उघडता परत आला.’ ते उठले. ‘मॅडम, फोन कुठंय?’

पुढे कितीतरी दिवस मी सांगत असे की ही अक्कल त्यांना माझ्या भेंडीमुळे आली. नाबर म्हणायचे, मुळीच नाही, ते हात धुताना सुचलं. अहो, हात धुवायला उठण्याआधीच बोललात की. पण ते कधी कबूल झाले नाहीत.

फोन लावला तो शाजीला. शाजी आमचा ज्युनियर इंजिनियर, केरळचा, कामाला वाघ. सुट्टी असूनही तो त्या दिवशी दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कमध्ये एका प्लायवूडच्या कारखान्यात नवं मशीन बसवत होता. नाबरांनी विचारलं, ‘शाजी, उस मशीन में डिस्क कौन सी लगाई?’

‘सर, ड्रॉवर से लिया. खाली डिस्क.’

‘इन्स्टॉल चालू आहे?’ घाबरून ते मराठीत गेले होते. मग सावरून म्हणाले, ‘इन्स्टॉल चालू है?’

‘अभी चालू किया, सर.’

‘वायर खेच. अभी.’

श्रीकांतने गाडी काढली. नाबर स्वेटर घालून आलेच होते, वाटभर त्याची बाही ओढत बसले होते. कारखान्यात पोचलो तर शाजी डिस्क मांडीवर घेऊन फाटकाशी बसलेला. त्याचा चेहरा रडवेला. नाबरांनी आधी त्याच्या खांद्यावर हात ठेवला. ‘तुझं काही चुकलं नाही. खण माझा आहे.’

तिथून थेट ऑफिस. नाबरांनी प्रोग्रॅममधला तो एक प्रश्न बदलला आणि पुन्हा चालवला. या वेळी तो क्षणात थांबला नाही. पडद्यावर एकेक ओळ उमटत गेली, आणि प्रत्येक ओळ म्हणजे एक नकाशा, एक गलबत. मला वाटलं जिंकलो. मी टाळी वाजवणार एवढ्यात नाबर म्हणाले, ‘सुरुवातीचा भाग गेला.’ शाजीने वायर खेचेपर्यंत नव्या इन्स्टॉलेशनने डिस्कच्या तोंडाकडचा तुकडा लिहून काढला होता. तिथे जे होतं ते आता कुठल्याही प्रश्नाला उत्तर देणार नव्हतं.

तिथे काय होतं, हे सांगायला नको.

शनिवारी तांडेलांना बोलावलं. फादीने नाबरांना केबिनमध्ये घेऊन समजावलं होतं, हबीबी, डिस्क पडली होती, त्यातच गेलं म्हणून सांग, खलास. त्याचा हेतू वाईट नव्हता. नाबरांनी मान हलवली, बाहेर आले आणि माझ्या आणि शाजीच्या समोर तांडेलांना म्हणाले, ‘तुमची गलबतं मिळाली. वडिलांचं गेलं. ते पडून गेलं नाही, माझ्यामुळे गेलं. डिस्क कोरी नव्हती. मी चुकीचं विचारलं, आणि कोरी म्हणून खणात टाकली.’

तांडेल या वेळी हसले नाहीत. खुर्चीवर बसले. मग म्हणाले, ‘मला वाटलं होतं, ते आधीच गेलेलं आहे. आता दुसऱ्यांदा गेलं.’ मला त्या क्षणी नाबरांचा भयंकर राग आला, आणि त्याच क्षणी त्यांच्याकडे बघवेना. दोन्ही खरं आहे.

नाबर म्हणाले, ‘तुम्ही ते मोजलंय. तुमच्याकडे ते असणार.’

‘नाही साहेब. मला काही आठवत नाही.’

‘असं म्हणू नका,’ नाबर म्हणाले. ‘मी अजून विचारलं नाही.’

त्यानंतरच्या शुक्रवारपासून नाबर सतव्याला तांडेलांच्या खोलीवर जायला लागले. एकदा मी शंकरपाळे द्यायला म्हणून गेले आणि तासभर दाराशी बसून राहिले. खोलीतले बाकीचे तिघे पलंगावर पाय वर घेऊन ऐकत होते, जसं काही क्रिकेटची मॅच चालू आहे. जमिनीवर पिवळा ट्रेसिंग पेपर. तांडेल एका बाजूला, नाबर दुसऱ्या.

‘टेपचं दुसरं टोक कोणी धरलं होतं?’

‘एक पठाण खलाशी होता. गुल नावाचा.’

‘तुमच्यापेक्षा उंच?’

‘माझ्यापेक्षा एक डोकं वर.’

‘तो उभा होता की वाकलेला?’

तांडेलांनी डोळे मिटले. ‘वाकलेला. डोकं वरच्या फळीला लागत होतं म्हणून शिव्या देत होता.’

‘कुठल्या भाषेत?’

मी म्हटलं, आता ह्याचा मापाशी काय संबंध? पण तांडेल हसले, शिवी सांगितली, आणि शिवीबरोबर त्यांना गुलचा हात आठवला, हाताबरोबर तो कुठल्या बरगडीला धरून उभा होता ती जागा. गलबताच्या आतल्या वाकड्या लाकडांना ते बरगड्या म्हणत. नाबरांनी पेन्सिलने एक ठिपका दिला. मग विचारलं, ‘तुमच्या पायाला काही लागलं होतं का?’

तांडेलांनी लुंगी वर केली. नडगीवर एक जुना ओरखडा. ‘खिळा होता. नाळेच्या तोंडाशी वाकून मोजत होतो, तेव्हा.’ नाळ म्हणजे गलबताचं पुढचं टोक. नाबर टेप घेऊन गुडघ्यावर आले, आणि एका माणसाच्या पायावरचा व्रण जमिनीपासून किती उंच आहे ते मोजायला लागले. पलंगावरचे तिघेही खाली उतरले. तो खिळा, ती बरगडी, ती उंची. दुसरा ठिपका.

नाबरांनी एकदाही ‘आठवतंय का?’ असं विचारलं नाही. मी लक्ष ठेवून होते. हात कुठे होता, ऊन कुठल्या बाजूने येत होतं, चहाचा ग्लास ठेवला होता तो घसरत होता का, वडील फळीबद्दल सांगायचे तेव्हा हात कसा करायचे. ज्याला बोटीत बसलं की मळमळतं तो माणूस गलबताच्या पोटात शिरून बसला होता. कधी दोन उत्तरं एकमेकांशी जुळायची नाहीत, मग आधीचा ठिपका खोडायचा. उन्हाळा गेला, थंडी आली. थंडीत तो स्वेटर पहिल्यांदा जागच्या जागी वाटला.

नकाशा पुरा झाला तेव्हा तांडेलांनी तो आमच्या ऑफिसात आणला. खाली नाव लिहायच्या चौकटीत त्यांनी आपल्या नावाखाली नाबरांचं नाव घातलं होतं. नाबरांनी ते खोडायला लावलं. ‘मी मोजलं नाही. मी फक्त विचारलं,’ म्हणाले. तांडेल अडून बसले, हेही अडून बसले. शेवटी त्या जागी तांडेलांच्या वडिलांचं नाव आलं, आणि दोघांचंही समाधान झालं.

पुढे दोनेक वर्षांत सगळंच बदललं. तिकडे दुबई मरीनाला क्रेनच क्रेन उभ्या राहिल्या, पण त्या इमारतींचे नकाशे आता साध्या पीसीवर निघू लागले. आमची महागडी मशीनं कोणी घेईना. कंपनीने एकेकाला निरोप दिला, त्यात नाबरही आले. फादी त्यांच्या गळ्यात पडून रडला. नाबर त्याची पाठ थोपटत म्हणाले, ‘येईन परत.’ फादी म्हणाला, ‘कधी?’ नाबर म्हणाले, ‘इन्शाल्ला.’ अख्खं ऑफिस हसलं.

त्यांना सोडायला विमानतळावर मी, श्रीकांत आणि तांडेल गेलो होतो. दुपारची वेळ. नाबरांच्या हातावर स्वेटर, विमानात थंडी असते म्हणून. इतकी वर्षं राहिलेला माणूस चालला होता. शेवटी मी बावळटासारखं विचारलं, ‘सर, काय वाटतंय?’

‘काही नाही,’ नाबर म्हणाले.

मी मनात स्वतःला म्हटलं, शुभे, शून्य आलं. विचारायला चुकलीस.

मग विचारलं, ‘सर, त्या गलबतात सगळ्यात अरुंद जागा कुठली?’

त्यांनी हातातली बॅग खाली ठेवली. ‘नाळेपाशी,’ म्हणाले. ‘पहिल्या बरगडीच्या मागे. तिथे दोन माणसं समोरासमोर बसली तर गुडघ्याला गुडघा लागतो. तांडेलांचे वडील पावसात तिथे बसायचे.’ आणि बोलत सुटले. गुलच्या शिव्या, खोलीतल्या पंख्याचा आवाज, तांडेलांच्या स्टोव्हवरचा बांगड्याचा वास, पहिल्या शुक्रवारी जिना चढताना पाय कसे जड झाले होते. ‘मला वाटलं होतं, हे मला दारातूनच परत पाठवतील,’ म्हणाले. तांडेलांनी त्यांचा हात धरला. मी सरळ रडत होते, लपवायचं काय त्यात.

श्रीकांतने घड्याळ दाखवलं. नाबर बॅग उचलून आत गेले. काचेच्या पलीकडे पासपोर्टच्या रांगेत त्यांची पाठ दिसत होती. रांग पुढे सरकली, आणि एकदम ते वळले. काहीतरी सांगायचं राहिलं होतं. काचेतून आवाज येणार नव्हता, म्हणून त्यांनी स्वेटर खांद्यावर टाकला आणि दोन्ही हात समोर धरून अंतर दाखवलं. एवढी होती ती जागा. एवढी.

माझ्या शेजारी तांडेलांनी ‘नाही’ अशी मान हलवली. त्यांनी आपले दोन्ही हात वर केले, तेवढ्याच अंतरावर धरले आणि बोटभर जवळ आणले.

नाबरांनी नीट बघितलं. आपले हात बोटभर जवळ घेतले, ते अंतर तसंच धरून एकदा मान डोलावली, आणि मग रांग पुढे गेली.